स्टाफचा पेशंट

आमच्या हॉस्पिटलात मला तलाठीण म्हणतात. पाठीमागे म्हणतात, म्हणजे मला कळत नाही असा त्यांचा समज. मी वॉर्डाच्या दारात दिसले की ड्यूटीवरची एक पोरगी दुसरीला डोळ्याने खुणावते आणि दोघी कुठल्यातरी फाइलमधला अर्धवट कागद घाईघाईने भरायला घेतात. मला राग येत नाही. काम तलाठ्याचंच आहे. कुठल्या शेतात काय पेरलंय ते तो लिहून नेतो, कुठल्या खाटेला काय चालू आहे ते मी लिहून नेते. फरक एवढाच की तलाठ्याला गावात निदान चहा तरी मिळतो.

घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी संसर्ग नियंत्रणाची सिस्टर आहे. आधी वीसेक वर्षं वॉर्डात उभी राहिले, मग गुडघ्यांनी मान टाकली तेव्हा मेट्रनने हे काम दिलं. डॉक्टर हात धुतात का ते बघायचं, सलाईनची सुई किती दिवसांची झाली ते बघायचं, आणि मुख्य म्हणजे अँटिबायोटिक. कोणाला चालू आहे, कोणतं, कशासाठी, किती दिवस, आणि सुरू करण्याआधी रक्त-लघवी तपासायला पाठवली होती का. पाच रकाने. पहिले दोन छान भरलेले असतात, तिसऱ्यात काहीतरी खरडलेलं असतं, आणि शेवटचे दोन बघायला गेलं तर बोंब.

इतकी वर्षं हे लिहून लिहून माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी कुठल्या पुस्तकात नाहीत. शुक्रवारी सुरू झालेलं औषध सोमवारपर्यंत बंद होत नाही, कारण बंद करा म्हणणारे सर सोमवारी येतात. एक औषध लागू पडलं नाही की त्याच्या डोक्यावर दुसरं चढवतात, पहिलं काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. सकाळच्या राउंडला निवासी डॉक्टर पोरं इतकी घाईत असतात की कालचंच चालू ठेवा असं तीन इंग्रजी अक्षरांत लिहून पुढच्या खाटेला पळतात. अशा त्या तीन अक्षरांवर आठ-आठ दिवस औषध चाललेलं मी बघितलंय. पेशंट बरा होऊन उठून बसलेला असतो, पेपर वाचत असतो, आणि वर बाटली ठिबकत असते. पोराला विचारलं तर म्हणतं, सेफ साइड. ही सेफ साइड नक्की कुठल्या बाजूला असते ते मला अजून कळलेलं नाही.

त्यातली काही औषधं आम्ही कुलपात ठेवायची ठरवली होती. बाकी सगळं थकलं, जंतू कशालाच ऐकेना, तरच ती काढायची. त्यांना सगळे 'हायर' म्हणतात. हायर काढायचं तर गुलाबी फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात दहातल्या आठ वेळा एकच वाक्य असतं, सरांच्या सांगण्यावरून. असा फॉर्म मी त्या पोराच्या हातात परत देते. 'सरांनी सांगितलं' हा कुठला आजार रे, मला त्याची लक्षणं सांग, असं विचारते. पोरं हसतात, कान खाजवतात आणि 'ताप' लिहून आणतात. माझ्या तोंडाची भीती आहे म्हणून तेवढं तरी लिहितात.

आता स्टाफची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या कोणाचं माणूस ॲडमिट झालं की फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने ठळक 'स्टाफ' लिहायची पद्धत आहे. कोणी सुरू केली ठाऊक नाही, मी लागले तेव्हाही होती. ती अक्षरं बघितली की सगळं बदलतं. खिडकीजवळची खाट मिळते, दोन उशा मिळतात, जेवणाची गाडी आधी थांबते, मोठे सर स्वतः येऊन पाठीवर हात ठेवतात. आणि औषधही चांगलं मिळतं. चांगलं म्हणजे हायर. कोणी ते लिहून ठेवलेलं नाही, पण आपल्या माणसाला साधं औषध लावणं म्हणजे घरच्या लग्नात पाहुण्याला पंगतीत न बसवता दारातून प्रसादाचा पुडा देऊन वाटेला लावण्यासारखं वाटतं. तो मान असतो. लिफ्टवाल्याच्या सासूच्या खोकल्याला आणि कॅन्टीनवाल्याच्या भाच्याच्या गळवाला हायर लागलेलं मी बघितलंय. दोन्ही वेळा भांडले होते. लिफ्टवाला त्यानंतर सहा महिने माझ्यासाठी लिफ्ट थांबवत नव्हता.

मग माझ्याच वडिलांचं ऑपरेशन निघालं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून भांडुपला दादाकडे राहायचे, मी मुलुंडला. तब्येत काटक. जांघेत हर्नियाची गाठ होती, ती पाच-सहा वर्षं त्यांनी आम्हाला न सांगता पट्टा बांधून सांभाळली. दुखायला लागली तेव्हा दादाने मला फोन केला, मी पट्टा बघून त्यांना नको नको ते बोलले, आणि आमच्याच हॉस्पिटलात तारीख घेतली. साधं ऑपरेशन. आमच्याकडे दर आठवड्याला होतात. आदल्या दिवशी फाइल तयार झाली आणि वॉर्डातल्या सिस्टरने मला न विचारताच पुठ्ठ्यावर लाल अक्षरं काढली. बाबांनी ती बोटाने गिरवून बघितली.

ज्या दिवशी मोठ्या सरांनी बाबांचं ऑपरेशन केलं त्याच दिवशी, त्यांच्याच हातून, तेच ऑपरेशन शेजारच्या खाटेवरच्या माणसाचंही झालं. गोवंडीचा रंगारी, इमारतींना बाहेरून रंग देणारा. वय पन्नाशीचं असेल, पण दिसायला बाबांच्याच वयाचा. तो सरकारी योजनेतून आलेला. योजनेच्या पेशंटला कागदावर असतं तेवढंच मिळतं, आणि कागदावर आहे चीर देण्याआधी एक डोस. बस. तो कागद मीच टाइप करून घेतलेला, खाली सगळ्या सरांच्या सह्या.

ऑपरेशन झालं, दोघंही वॉर्डात आले. संध्याकाळच्या राउंडला सर आले. माणूस चांगला आहे, हाताला यश आहे, मी त्यांच्याशी कितीही भांडले तरी मनात ठेवत नाही. त्यांनी बाबांची जखम बघितली, नाडी बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, हायर लावू या ना? वडील आहेत तुमचे."

आता बघा. मी तिथे उभी. ह्याच माणसाला मी ह्याच वॉर्डात शंभर वेळा अडवलेलं. गुलाबी फॉर्म परत केलेले, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांच्या वॉर्डाचे आकडे वाचलेले. नको, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्यांनी हसून मान डोलावली असती आणि पुढच्या खाटेला गेले असते.

पण दादा माझ्या बाजूला उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, इतकी वर्षं इथे घासलीस, बाबांसाठी एवढं तरी होऊ दे की. दादावर ढकलणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. ज्या वॉर्डात मला तलाठीण म्हणतात तिथे मोठे सर सगळ्यांसमोर मला विचारतायत, माझ्या बापाला मान देतायत, ह्याने माझा ऊर भरून आला. आणि वर भीती होती. उद्या जखम चिघळली तर? लेकीनेच औषध नको म्हटलं, असं दादा जन्मभर म्हणेल, मीही स्वतःला म्हणेन. दुसऱ्यांच्या बापांच्या बाबतीत ही भीती मला कधी शिवली नव्हती. त्यांना मी कागद दाखवत होते.

मी म्हटलं, लावा सर.

गुलाबी फॉर्म मीच भरला. निवासी डॉक्टर पोरगा जवळ उभा होता, त्याच्या हातातून घेतला आणि भरला. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. ताप नव्हता, जखम स्वच्छ होती, बाबा बिस्किट मागत होते. मी लिहिलं, सरांच्या सांगण्यावरून. पोराने वाचलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा खुशीत होते. दिवसातून तीनदा बाटली यायची. बाटली लावायला सिस्टर आली की ते बाही स्वतःच वर करायचे. त्यांच्या पिढीचा हिशेब सरळ, सुई टोचली म्हणजे डॉक्टर, गोळी दिली म्हणजे कंपाउंडर. भांडुपहून भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "ह्या माझ्या चेडवाचा हास्पिटल. बाजूच्याक एकच दिल्यानी, माका दिसाक तीन." बाजूचा रंगारी हे ऐकून कसनुसं हसायचा.

त्याची बायको मात्र हसली नाही. ती दोन दिवस सगळं बघत होती. बारीक, तरतरीत बाई, जालन्याकडची, गोवंडीत राहून पंचवीस वर्षं झालेली. दुपारी मी बाबांना पेज भरवून निघाले तेव्हा ती माझ्यामागून पॅसेजपर्यंत आली. तिचं म्हणणं असं की ऑपरेशन एकच, डॉक्टर एकच, मग तिच्या माणसाला बाटली का नाही. योजनेतले म्हणून कमी करता का, असं तिने सरळ विचारलं. मी तिला बाकावर बसवलं आणि नीट समजावलं. फार छान समजावते मी, त्यासाठीच तर पगार मिळतो. सांगितलं, की ह्या ऑपरेशनला एक डोस पुरतो, जास्त दिल्याने जखम लवकर भरत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मरतात आणि वाईट माजतात. शेतात सरसकट औषध मारलं तर पीक जळतं आणि हरळी तशीच राहते, तसं. ती शेतकऱ्याच्या घरची, तिला हरळी कळली. तिने मान हलवली. मग वॉर्डाच्या दारातून आत बघितलं. खिडकीजवळ बाबा पडले होते, वर बाटली ठिबकत होती.

"मग तुमच्या वडलाला का लावलंय, सिस्टर?"

वय जास्त आहे त्यांचं, असं मी म्हटलं. ती उठली. जाता जाता, मला ऐकू जाईल इतपत म्हणाली, गरिबाला कोण देतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा पिशवी घेऊन, कमरेवर हात ठेवून, चालत घरी गेला. बाबा त्याच्यापेक्षा आधी चालायला लागले होते, पण बाटलीचे पाच दिवस पुरे व्हायचे होते म्हणून त्यांना ठेवलं.

त्याच दिवशी आमची मोजणी होती. वर्षातून एकदा, एका दिवसात, सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या खाटा मोजायच्या. कोणाला अँटिबायोटिक आहे, कशासाठी आहे. कारणाला तीन चौकटी असतात: संसर्गावर उपचार, ऑपरेशनची खबरदारी, आणि कारण नोंदवलेलं नाही. आपला वॉर्ड कसा चाललाय ते ह्या एका दिवसावरून समजतं, म्हणून मी ह्यात कोणाचं ऐकत नाही. बाबांच्या खाटेशी आले. त्यांनी मला फॉर्मसकट बघितलं आणि ताठ बसले, फोटो काढायचाय अशा थाटात. माझं नाव नीट लिही, म्हणाले. मी पहिल्या चौकटीत खूण केली. संसर्गावर उपचार. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. माझी मीच केली.

चौथ्या दिवशी दुपारपासून त्यांना जुलाब सुरू झाले. आधी वाटलं, भांडुपच्या कोणीतरी सुकी मासळी आणून खाऊ घातली असेल. त्यांनी आईची शपथ घेतली, खाल्लं नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत दहा-बारा वेळा झालं, आणि त्याचा वास मला ओळखीचा होता. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. अँटिबायोटिकने पोटातलं सगळं धुऊन निघालं की एक जंतू आत मोकळा सुटतो, त्याचे जुलाब. तपासणी पाठवली, सकाळी तेच आलं. बाटली लगेच बंद केली, त्या जंतूचं वेगळं औषध तोंडाने सुरू केलं.

आणि बाबा रडकुंडीला आले. जुलाबांमुळे नाही. बाटलीचा स्टँड उचलून नेला म्हणून.

"बाटली कित्याक काढल्यानी गो? सोडल्यानी काय माका?"

मी त्यांना काय सांगणार होते? जी दिली तिनेच हे झालं, हे सांगायला तोंड कुठलं? आता गरज नाही म्हणून काढली, असं म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. मान दिलेला कोणीतरी परत घेऊन गेला, एवढंच त्यांना दिसत होतं.

हा जंतू हातांवरून पसरतो, म्हणून अशा पेशंटला वेगळ्या खोलीत हलवून दारावर आणि खाटेवर पिवळं कार्ड लावायचं असतं. लावायचं काम माझं. स्वतःच्या बापाच्या खाटेला मी ते दोऱ्याने बांधलं. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा उशीखाली होता. ते डोळे बारीक करून बघत म्हणाले, "ह्या कसला गो लावलंस? व्हीआयपीचा काय?"

होय बाबा, मी म्हटलं.

मगे बरा, म्हणाले, आणि डोळे मिटले.

त्यानंतरचं भराभर झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगातलं पाणी दोन दिवसांत संपलं. रक्तदाब पडला, लघवी कमी झाली, आयसीयूत नेलं. लघवी मोजायला नळी घातली, मानेत सुई घातली. हे सगळं करावंच लागतं, त्यात कोणाची चूक नाही. आणि मग ताप चढला. आयसीयूच्या मॅडम शिस्तीच्या. त्यांनी आधी रक्त पाठवलं, लघवी पाठवली, मगच औषधाला हात घातला. बाबांच्या कागदावर पहिल्यांदा पाचही रकाने नीट भरलेले होते.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात. जंतू बशीत वाढवतात, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात आणि कुठल्या टिकलीभोवती जंतू मरतो ते बघतात. लॅबमधली मुलगी रिपोर्ट नेहमी फोनवर सांगते, त्या दिवशी ती खालून जिना चढून स्वतः आली. तिने कागद माझ्या हातात दिला आणि गेली नाही, उभी राहिली. औषधांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे तेच एक अक्षर, म्हणजे जंतू ह्याला जुमानत नाही. जुमानत नाही. जुमानत नाही. बाबांना जे दिसाक तीन दिल्यानी, त्याच्यापुढेही तेच. तळाला एकच औषध उरलेलं, ते चालेल म्हणून. जुनं औषध, मूत्रपिंडांवर जाणारं, आणि बाबांची मूत्रपिंडं तोवर बसत आली होती.

मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं. दिलं तर मूत्रपिंडं जातील, नाही दिलं तर माणूस जाईल. द्या, म्हटलं. पुन्हा गुलाबी फॉर्म आला. त्या वेळी कारण लिहायला जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहावं लागलं. फॉर्म अगदी बरोबर भरलेला होता. मी परत करावा असं त्यात काहीही नव्हतं.

पाच दिवस ते औषध चाललं. सहाव्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील, बाहेर रस्त्यावर नेहमीसारखा हॉर्नचा गोंधळ, आत कोणीतरी शेजारच्या खाटेची चादर बदलत होतं, आणि बाबा गेले. मी हात धरून होते. हातमोजे घालून. पिवळं कार्ड होतं ना, मोजे काढता येत नाहीत. नियम माझाच.

मला सगळ्यांनी समजावलं. वय होतं. ह्या वयात साध्या ऑपरेशनलाही माणूस जातो. तो चिवट जंतू आयसीयूत कुठूनही आला असेल. मॅडमही तेच म्हणाल्या आणि त्या खोटं बोलत नाहीत. कुठून आला हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही, मलाही कळतं. पण खाटा मोजणारी मी आहे. त्या दिवशी दोन खाटांवर दोन माणसं होती, ऑपरेशन एक, डॉक्टर एक. एकाला कागदावर होतं तेवढंच मिळालं, तो चालत घरी गेला. दुसऱ्याला मान मिळाला.

स्मशानात दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, एक समाधान आहे, आपण बाबांना काही कमी पडू दिलं नाही. तो ते मनापासून म्हणत होता. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगून त्याचं काय भलं होणार आहे? तेवढं एक समाधान त्याच्याकडे आहे, राहू दे बापड्याकडे.

तेराव्यानंतर कामावर गेले. मोजणीचे कागद माझ्याच कपाटात होते. तो फॉर्म काढला, पहिल्या चौकटीतली खूण लाल पेनाने खोडली आणि तिसरीत केली. कारण नोंदवलेलं नाही. मीटिंगमध्ये सर्जरीच्या वॉर्डाची पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की खिडकीजवळच्या खाटेची नोंद मी चुकीची केली होती, स्टाफचा पेशंट होता, औषधाची गरज नव्हती. पुढे असंही म्हणाले की फाइलवर स्टाफ लिहायची पद्धत बंद करा. सर टेबलाकडे बघत राहिले. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी मला विचारलं होतं.

पद्धत बंद झाली नाही. आठवड्याभरातच आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरच्या आईची फाइल आली, पुठ्ठ्यावर लाल अक्षरं. मी तिच्या आईचा गुलाबी फॉर्म परत केला. ती माझ्याशी आता बोलत नाही. स्वतःच्या बापाला लावलं तेव्हा कुठे होते हिचे नियम, असं ती जेवणाच्या खोलीत म्हणाली. बरोबरच म्हणाली.

दोनेक महिन्यांनी ओपीडीच्या पॅसेजमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या मशीनपाशी, कोणीतरी माझा हात धरला. रंगाऱ्याची बायको. बरोबर तिची मुलगी, सातवा महिना, पहिलटकरीण. नवरा कसा आहे विचारलं, तर म्हणाली परांचीवर चढायला लागला, ऐकत नाही. मग तिने बाबांचं विचारलं. मी सांगितलं, गेले. तिने तोंडाला पदर लावला. एवढं सगळं लावूनसुद्धा, असं म्हणाली.

मी तिला बाकावर बसवलं, पूर्वी बसवलं होतं त्याच बाकावर. आणि सगळं सांगितलं. दादाला सांगितलं नाही ते सांगितलं. बाटलीची गरज नव्हती, वय जास्त आहे म्हणून लावली हे मी तुझ्याशी खोटं बोलले, ती माझे वडील म्हणून लावली. तुझ्या माणसाला मिळालं तेच खरं औषध होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी रडले, तेही ओपीडीच्या गर्दीत, युनिफॉर्ममध्ये. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, तुम्ही तुमच्या बापासाठी जे करायचं ते केलंत, जीवाला लावून घेऊ नका. देवाने नेलं. आणि मुलीकडे बघून तिने मुलीच्या हातातली फाइल माझ्या मांडीवर ठेवली. बाळंतपण इथेच करायचं ठरलंय, म्हणाली. इथे आमच्या ओळखीचं कोणी नाही, तुम्हीच आहात.

"फाइलवर ते लाल पेनाने लिहितात ना, सिस्टर, ते हिच्या फाइलवर लिहा ना."

लाल पेन माझ्या खिशातच असतं. तिला ते दिसत होतं. कोरा पुठ्ठा, मुलीचं पोट, आणि दोघींचे डोळे माझ्या हातावर.

"नको बाई," मी म्हटलं, "हिला नुसती पेशंटच राहू दे."

तिचा चेहरा पडला. अगदी त्या दिवशी वॉर्डाच्या दारातून आत बघताना पडला होता तसा. तिने माझ्या मांडीवरची फाइल उचलली, पदर खोचला आणि मुलीला म्हणाली, चल गं, इथे आपलं कोणी नाही.